दगडोबाची नजर आणि रखमाजीचा खेकडा

दगडोबा शेंडगेला जिचा हेवा वाटला नाही अशी वस्तू वडगाव रासाईत शोधूनही सापडली नसती. कुणाच्या गाईला कालवड झाली की ह्याच्या पोटात दुखायचं, आणि ह्याच्या दारात तर गाय नव्हतीच. कुणी घराच्या पत्र्याला निळा रंग दिला की हा आठवडाभर स्वतःच्या पत्र्याकडे बघत उसासे टाकायचा. एकदा शेजारच्या म्हाताऱ्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काळा चष्मा मिळाला, तर हा माझ्या गिरणीत येऊन म्हणाला, "आप्पा, त्या म्हाताऱ्याला काय कमी हुतं? आता चष्मा बी आला."

"तुझं डोळं चांगलं हायेत, त्याचं सुख मान की," मी म्हणालो.

"चांगलं हायेत म्हणून तर समदं दिसतं," तो म्हणाला.

मी पट्टा चढवला आणि दळण टाकलं. मला राग लवकर येतो हे गावाला माहीत आहे, आणि आयुष्यात तो सगळ्यात जास्त दगडोबावर आला आहे. पण माझ्या गिरणीचं इंजिन तेलावर चालायचं, आणि ते बिघडलं की दगडोबाशिवाय कुणाला दाद द्यायचं नाही. त्यामुळे आमची रोज भांडणं व्हायची आणि रोज चहाही व्हायचा.

नदीकाठच्या सगळ्याच इंजिनांचा तो वैद्य होता. भीमेचं पाणी उसाला द्यायला काठाकाठाने इंजिनं बसवलेली, आणि रात्रंदिवस त्यांचा ठोका ऐकू यायचा. दगडोबा बांधावर उभा राहून ठोका ऐकायचा आणि कोणाच्या इंजिनाची रिंग गेली ते सांगायचा. पुढे विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं एकेक करून भंगारात गेली, आणि दगडोबा मोटारींवर जळू लागला. "ना धूर, ना आवाज," तो म्हणायचा. "एखाद्याच्या रानात पाणी चाललंय ते दुसऱ्याला कळावं तरी कसं?" दुसऱ्याला कळलंच नाही तर त्याने जळायचं कधी, अशी त्याची तक्रार होती.

त्याचा बाप मेंढ्या वळायचा. बाप लवकर गेला आणि पाठोपाठ आईही गेली. दगडोबा, धाकटी धुरपदा आणि शेंडेफळ संपत अशी तीन भावंडं मागे राहिली. दगडोबाने मेंढ्या विकल्या, इंजिनाचं काम शिकला, संपतला शाळेत घातलं आणि धुरपदाचं लग्न लावून दिलं. नदीपलीकडे दौंड तालुक्यात, पाटसच्या रस्त्याला कोकऱ्यांची वस्ती आहे, तिथला रखमाजी कोकरे त्याने मेहुणा केला. रखमाजीही तेव्हा मेंढ्यांमागेच होता. दारात लेंड्यांचा ढीग आणि अंगावर एक सदरा, एवढीच त्याची इस्टेट. दगडोबाला हा मेहुणा फार आवडला, कारण त्याच्यात हेवा करावा असं काही नव्हतं.

त्या लग्नात दगडोबाने बहिणीला जावळाची काळी घोंगडी दिली होती. जावळाची म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची. मऊ, दाट आणि कडेला तांबडी किनार. बापाच्या मेंढ्या विकायच्या आधी त्याने शेवटची लोकर बाजूला काढून ठेवली होती आणि बहिणीसाठी मुद्दाम विणून घेतली होती. त्या घोंगडीचं कौतुक आम्ही सगळ्यांनी इतकं ऐकलं आहे की ती आपणच विणली असं वाटावं. "आप्पा, त्यातनं पानी जात न्हाई. पान्याचं सोडा, वारं जात न्हाई," हे तो दर थंडीत सांगायचा.

मग दोन हजार सहाच्या सुमाराला रखमाजीच्या दारात खेकडा आला.

त्याचं असं झालं. नदीकाठी पुण्याच्या एका साहेबांचं फार्महाऊस होतं आणि रखमाजी तिथली राखण करायचा. साहेबांनी सुट्टीत येणाऱ्या नातवंडांना खेळायला चार चाकांची मोटारसायकल आणली होती. हँडल मोटारसायकलचं, चाकं ट्रॅक्टरच्या पिलासारखी फुगीर, मागे ओझं ठेवायला लोखंडी जाळी. क्वॉड बाईक असं तिचं नाव साहेबांनी सांगितलं होतं, पण पहिल्याच दिवशी ती बांधावरून तिरकी चढली आणि लोक तिला खेकडा म्हणू लागले. साहेब मुलाकडे परदेशात जायला निघाले, फार्महाऊस विकलं, आणि खेकडा रखमाजीला देऊन गेले. सांभाळलीस म्हणून तूच घे, म्हणाले.

रखमाजीचं नशीब असं एका दिवसात पालटलं. खेकड्यावरून तो वैरण आणू लागला, उसाच्या सरीत शिरू लागला, चिखलातून जिथे बैलही कचरतो तिथून निघू लागला. ज्या माणसाला वस्तीबाहेर कुणी नावाने ओळखत नव्हतं त्याला कारखान्यावरचे लोक "ओ खेकडेवाले" अशी हाक मारू लागले. ही बातमी नदी ओलांडून दगडोबाच्या कानावर आली तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही असं त्याची बायको सांगत होती. मला ते खरं वाटत नाही. पण त्या दिवसांत तो माझ्या गिरणीत चहासुद्धा घेत नव्हता, एवढं खरं.

शेवटी न राहवून तो मला घेऊन खेकडा बघायला गेला. माझी एम-एटी होती, तिच्यावरून आम्ही पूल ओलांडून गेलो. रखमाजीने खेकडा धुऊन अंगणात उभा केला होता. दगडोबा त्याच्याभोवती फिरला. वाकून खालून बघितलं. सीटवर हात फिरवला. वर बसला, उतरला, परत बसला. मग जे आम्ही उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं ते त्याच्या तोंडून निघालं.

"पाव्हणं, लय भारी गाडी हाय. अशी माझ्याकडं पायजे हुती."

धुरपदा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती तिथेच थांबली. भावाला ती चांगलं ओळखत होती. तो नावं ठेवेल, नाक मुरडेल, चाकं बारकी आहेत म्हणेल, अशी तिची तयारी होती. त्याने केलेल्या स्तुतीची तिची तयारी नव्हती. चहा देताना ती भावाच्या आणि खेकड्याच्या मध्ये उभी राहिल्याचं मला आठवतं, पण तेव्हा मी बिस्किटांकडे बघत होतो.

त्यानंतर पंधरवडा गेला असेल-नसेल, खेकडा तापू लागला.

घरून निघाला की पाटसच्या निम्म्या वाटेवर तांबडा दिवा लागायचा. रेडिएटरमधलं पाणी उकळून बाजूच्या डब्यातून भसाभस बाहेर यायचं आणि इंजिन आचके देऊन बंद पडायचं. रखमाजी झाडाखाली थांबायचा, गार झालं की पुढे निघायचा, की परत तेच. त्याने दौंडला मेकॅनिकला दाखवलं. त्याने पाणी बदललं, ऑइल बदललं, पंख्याची वायर बघितली आणि गाडी परदेशी आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्याने कार्बोरेटर साफ केला. दर वेळी चार दिवस आशा वाटायची आणि पाचव्या दिवशी रखमाजी खेकडा ट्रॅक्टरला बांधून घरी आणायचा. विशेष म्हणजे दुखणं वाढत चाललं होतं. आधी निम्म्या वाटेवर तापायचा, पुढे पुढे वस्तीच्या फाट्यावरच तापू लागला.

आणि मग लोक बोलू लागले. दगडोबाची नजर लागली.

कुणी सुरुवात केली ते माहीत नाही, पण पटायला ती इतकी सोपी गोष्ट होती की आठ दिवसांत दोन्ही काठांना पोचली. बाया त्याच्यासमोरून तान्ही मुलं नेईनात. एकाने त्याला येताना बघून कांद्याच्या ढिगावर ताडपत्री ओढली. मी स्वतः बघितलं, आणि त्या माणसाला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दगडोबा गिरणीत येऊन बसला. मग म्हणाला, "आप्पा, खरंच असं असतं का?"

"कसं?"

"मी हेवा करतो, आन् तिकडं इंजिन तापतं."

"तू खुळा हाईस काय? पंचवीस वर्सं इंजिनं खोलतोस. नजरंनं तापलेलं एक तरी बघितलंस?"

"कुणाला म्हाईत. आपन कारन शोधत बसतो, आन् कारन भलतंच असतं." तो माझ्या इंजिनाकडे बघू लागला. "एक काम करतो. तुमच्या गिरणीचा हेवा करून बघतो. तापली तर माझंच खरं."

आणि तो खरोखर बसला. दळणाची गर्दी, पीठ उडतंय, आणि हा पोत्यावर बसून माझ्या इंजिनाला टक लावून बघतोय. अर्धं दळण झालं, इंजिन आपलं फटफटतंय. शेवटी त्याने मान हलवली.

"जमंना, आप्पा. तुमच्या गिरणीचा हेवाच वाटंना."

मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. मला फार राग आला होता.

अशात वैशाखात रखमाजीच्या पोरीचं लग्न निघालं. प्रगती तिचं नाव. दगडोबाची एकुलती एक भाची आणि त्याची फार लाडकी. पोरगी लहान असताना तिला खांद्यावर घेऊन तो नदीच्या वाळूत फिरायचा आणि इंजिनांचे आवाज ओळखायला शिकवायचा. आमच्याकडे नवरीला मांडवात आणायचं ते मामाने, आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीमागे उभं राहायचं तेही मामाने. मामा दोन असतील तर मान थोरल्याचा. ह्यात विचारण्यासारखं काही नसतं.

रखमाजी पत्रिका घेऊन आला. नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला खेकड्यावरून न्यायचं आहे, पण तो तापतो आहे, ही काळजी त्याने बोलून दाखवली. मामाच्या मानाच्या फेट्याचं मात्र काही बोलला नाही. चहा घेतला, खाली बघत बसला आणि गेला. दोन दिवसांनी दगडोबाच्या बायकोने आणलेली बातमी अशी, की फेटा संपतला सांगितला आहे. संपत रांजणगावला कंपनीत होता, शर्ट पँटीत खोचायचा, सगळ्यांशी गोड बोलायचा. त्याच्या नजरेबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

"पोरीच्या पाठीला माझी नजर नगं," दगडोबा मला म्हणाला. "म्हंजी त्यांनी बी ते खरं धरलं की."

पहिल्यांदाच माझ्याकडे त्याला द्यायला शिवी नव्हती.

"चला," तो उठला. "गाडी काढा. तो खेकडा खोलतो. रोग इंजिनात सापडला तर माझी नजर सुटली. न्हाई सापडला, तर संपत उभा ऱ्हाईल आन् मी लग्नाला बी येनार न्हाई."

आम्ही गेलो तेव्हा रखमाजी मांडवाचं सामान आणायला दौंडला गेला होता. अंगणात बाया हळद कुटत होत्या. दगडोबाला बघून कुटणं जरा थांबलं आणि मग जोरात सुरू झालं. धुरपदा बाहेर आली. "दादा, आज कशाला? लगीन होऊ दी," ती म्हणाली. त्याने ऐकलं नाही. खेकडा गोठ्याच्या सावलीत उभा होता. त्याने सदरा काढून खुंटीला लावला आणि कामाला बसला.

मला त्याचं काम बघायला आवडायचं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. इंजिनाजवळ गेला की त्याच्या तोंडावरचा आंबटपणा जायचा. त्याने आधी ऑइलची काडी काढून बोटाला लावून बघितली. ऑइल भरलेलं आणि स्वच्छ. रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी काठोकाठ. झाकणाची स्प्रिंग दाबून बघितली, ती कडक होती. मग बॅटरीची वायर सरळ पंख्याला लावली. पंखा गरगरा फिरला.

"पानी हाय, पंखा हाय, ऑइल हाय," तो स्वतःशीच बोलत होता. "पाव्हणं म्हनतात उभी असताना तापती आन् पळताना बी तापती. नुसतं उभं राहून तापली असती तर पंख्याचा दोष. पळताना तर वारं लागतं. मंग वारं जातं कुठं?"

त्याने विडी पेटवली. मला वाटलं दमला असेल. पण त्याने झुरका घेतला नाही. खेकड्याच्या तोंडाला धूळ अडवायची प्लास्टिकची जाळी होती, तिच्यामागे रेडिएटर. पंखा चालू ठेवून त्याने पेटती विडी जाळीसमोर धरली. पंखा मागून हवा ओढत होता, म्हणजे धूर आत ओढला जायला हवा होता. धूर सरळ वर गेला. त्याने विडी डावीकडे धरली, उजवीकडे धरली. धूर वरच.

"आप्पा," तो हळूच म्हणाला, "ह्याचं नाकच बुजलंय. रोग सापडला." त्याच्या डोळ्यांत असा काही आनंद आला की काय सांगू. वर्षभराच्या तापातून उठल्यासारखा दिसत होता. तो मोठ्याने म्हणाला, "धुरपे, ये हिकडं. बघ, माझी नजर न्हाई. कायतरी अडकलंय आत."

त्याने जाळीचे बोल्ट सोडवले. धुरपदा हळदीच्या हातांनी पळत आली.

"दादा, त्याला हात लावू नगंस."

तोवर जाळी त्याच्या हातात आली होती. जाळीच्या आतल्या बाजूला, सुतळीने टाके घालून, काळ्या कापडाचे थरावर थर शिवलेले होते. काळ्या जाळीमागे काळं कापड. बाहेरून काही दिसत नव्हतं आणि मेकॅनिकांना ते कंपनीचंच वाटलं असेल. दोन थरांच्या मध्ये बिब्बा होता आणि एक काळी बाहुली. दृष्ट लागू नये म्हणून माणसं गाडीला जे बाहेर टांगतात, ते इथे आत लपवून शिवलं होतं.

दगडोबाने कापड अंगठा आणि बोटात धरून चोळलं. एका तुकड्याच्या कडेला तांबडी किनार होती.

"जावळाची हाय," तो म्हणाला.

धुरपदाने हळदीचे हात पाठीमागे नेले.

"माझ्यासाठी शिवलंस व्हय?"

"तू त्या दिशी भारी हाय म्हनलास," धुरपदा म्हणाली. "जलमात तू कुनाच्या वस्तूला भारी म्हनला न्हाईस. मी भ्याले, दादा. यांना बी सांगितलं न्हाई. तुला दिसू नये म्हनून आतनं शिवलं."

"आन् मंग तापाय लागली."

"तापली की मला वाटायचं नजर जोराची हाय. मी अजून एक तुकडा लावायची."

म्हणजे असं झालं होतं तर. भावाच्या नजरेला घाबरून हिने इंजिनाचं नाक दाबलं, इंजिन गुदमरलं म्हणून नजरेची खात्री पटली, आणि खात्री पटली म्हणून नाक आणखी दाबलं. ज्या घोंगडीतून वारं जात नाही म्हणून हा वीस वर्षं मिरवत होता, तिच्यातून खरोखरच वारं जात नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. पण मला धुरपदाचा इतका राग आला की माझे कान तापले.

"धुरपदे, सगळ्या गावानं ह्याला नजरंचा म्हनला," मी म्हणालो. "बाया लेकरं लपवाय लागल्या. आन् तू—"

"आप्पा, गप बसा," दगडोबा म्हणाला.

पलीकडे हळद कुटणाऱ्या बाया मान उंचावून बघत होत्या. दगडोबाने कापड पटकन मांडीखाली सारलं.

"मला हेवा वाटतो, धुरपे," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? तुझ्या दारात ही गाडी बघितली तवा आतनं जळालो. पर तुझं वाईट व्हावं असं कवा मनात आलं न्हाई."

"ठाव हाय मला."

"मंग?"

"नजर मनाला इचारून लागती व्हय?"

त्याने जाळीचा एक बोल्ट बोटात फिरवला. "न्हाई," शेवटी तो म्हणाला. "इचारून तर लागत न्हाई." मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, "पोरीच्या मागं संपत?"

धुरपदाने होकारार्थी मान हलवली. तिने पदर तोंडाला लावला होता आणि पदराला हळद लागत होती.

"संपत बी चांगला हाय," दगडोबा म्हणाला. हे त्याचं दुसरं कौतुक, आणि ते म्हणताना त्याचं तोंड कसं झालं होतं ते मी बघितलं आहे.

त्याने जाळी नुसतीच परत बसवली आणि इंजिन चालू केलं. विडी समोर धरली. धूर सरसर आत गेला. बराच वेळ इंजिन चालू ठेवलं, तांबडा दिवा लागला नाही. मग तो खेकड्याच्या मागे गेला. मला वाटलं निघाला. पण त्याने घोंगडीचे सगळे तुकडे एकावर एक ठेवले, आत बिब्बा आणि बाहुली घातली, घडी केली आणि मागच्या लोखंडी जाळीखाली तारेने घट्ट बांधली. पक्कडीने तार पिळून टोक आत वळवलं, म्हणजे कुणाला लागू नये.

"वारं फुडनं येतं," तो बहिणीला म्हणाला. "नजरंचं मागं ऱ्हाऊ दी. तुझी काळजी बी मिटंल आन् इंजिन बी गार ऱ्हाईल."

निघताना त्याने हळद कुटणाऱ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "उसाचं पाचट अडकलं हुतं. बाकी काय न्हाई."

पुलावर आलो तेव्हा माझ्या पाठीमागे तो रडत होता. लपवायचा प्रयत्नही करत नव्हता. "माझीच घोंगडी, आप्पा," एवढंच तो दोनदा म्हणाला. मी गाडी हळू चालवली. मी त्याला म्हणालो, गावात सांग की खरं काय ते, तुझ्यावरचा आळ तरी जाईल. तर म्हणाला, "आन् तिच्यावर येईल त्याचं काय? बहिणीनं भावाची दृष्ट बांधली म्हनून तिला सासरी बोलतील." गावाने नेहमीप्रमाणे आपला अर्थ काढला. दगडोबाने स्वतःची नजर स्वतःच काढून घेतली, असं लोक म्हणू लागले, आणि दगडोबाने ते ऐकून घेतलं.

लग्नाला तो येणार नव्हता. मी त्याला जवळजवळ ओढून नेलं. मांडवात तो शेवटच्या खांबाला टेकून उभा राहिला, जिथून नवरी दिसत नाही अशा जागी. नवरदेव खेकड्यावरून मारुतीला जाऊन आला. वैशाखाचं ऊन, वाजंत्री पुढे, पोरं नाचतायत, खेकडा पावलापावलाने चाललेला, तरी दिवा लागला नाही. लोक रखमाजीच्या पाठीवर थाप मारत होते. दगडोबा खांबाजवळून खेकड्याकडे बघत होता आणि त्याच्या पोटात दुखत होतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. बरं झालेलं इंजिनही त्याला दुसऱ्याचंच होतं ना.

मंगलाष्टकांची वेळ झाली. माईकवरून पुकारा झाला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. संपत तयारच होता. सकाळपासून डोक्यावर फेटा, तुरा उभा सोडलेला, कपाळाला गंध. तो उठून घराकडे निघाला. तेवढ्यात धुरपदा आतून बाहेर आली. एवढ्या मांडवात, विहिणीसमोर, ती संपतजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी जसाच्या तसा उचलला. मग तो फेटा धरून ती सगळ्या पाहुण्यांमधून वाट काढत शेवटच्या खांबाशी आली.

"दादा, खाली वाक," ती म्हणाली.

दगडोबा हलेना. "लोकं काय म्हनतील?" तो पुटपुटला.

"तू माझ्यासाठी लोकांला पाचट सांगितलंस," धुरपदा म्हणाली. "वाक."

तो वाकला. फेटा त्याला जरा घट्ट झाला, कपाळावर चढून बसला. तसाच तो आत गेला आणि प्रगतीला घेऊन बाहेर आला. अक्षता पडेपर्यंत तो तिच्या पाठीमागे उभा होता, आणि त्या सगळ्या वेळात त्याने डोळे मिटून घेतले होते. लोकांना वाटलं देवाचं नाव घेतोय. मला माहीत होतं तो काय करत होता, आणि मला त्याचा परत राग आला.

पंगतीत आम्ही शेजारी बसलो. समोरच्या रांगेत संपत होता. केस विस्कटलेले, कपाळावर फेट्याचा वळ. पानातली बुंदी त्याने हलवलीही नव्हती. "मला सांगितलं हुतं, सुट्टी टाकून आलो," असं तो वाढप्याला सांगत होता, आणि मधूनमधून दगडोबाच्या डोक्याकडे बघत होता. तो गोड बोलणारा संपत, पण त्याची नजर त्या तुऱ्यावरून हलत नव्हती.

दगडोबाचा घास हातातच राहिला. त्याने एकदा संपतकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"आप्पा, तो माझ्यावर जळतोय," तो म्हणाला.

"जळू दी. जेव तू."

"तसं न्हाई," तो म्हणाला. "आजपतुर माझ्यावर कोन जळलं हुतं?"

मी आठवून बघितलं. खरंच कुणी नव्हतं. साऱ्या गावाचा हेवा करत ह्या माणसाचे केस पांढरे झाले, आणि ह्याच्याकडे काही आहे असं कुणाच्या डोळ्यांनी कधी सांगितलं नव्हतं. तो फेटा सावरत होता आणि संपतकडे चोरून बघत होता. इतका सुखी मी त्याला कधी पाहिला नाही.

धुरपदा बुंदीची बादली घेऊन रांगेतून आली. दगडोबाने तिला हाताने खाली वाकायची खूण केली.

"धुरपे, त्या घोंगडीचा एखादा तुकडा उरलाय का?"

"कशाला रं?"

"मला बी बांध," तो हळूच म्हणाला. "संपत लय बघतोय."

धुरपदाने बादली तिथेच खाली ठेवली आणि तुकडा आणायला घरात गेली.